वस्तीची परिषद कशी भरवावी: मुलं, तरुण आणि कुटुंबांसाठी नाशिकमधला सविस्तर आराखडा

सातपूरच्या एका कामगार वस्तीत आम्ही पहिल्यांदा अशी, म्हणजे वस्तीतल्या माणसांनी आपले प्रश्न अधिकाऱ्यांसमोर मांडायची, परिषद भरवली, तेव्हा प्रश्नपेटीत एक चिठ्ठी निघाली. अक्षरावरून पाचवी-सहावीतल्या मुलाची किंवा मुलीची असावी. "पप्पा रात्रपाळी करून येतात आणि दिवसा झोपतात. आमची एकच खोली आहे. मी मोठ्याने वाचलं की ते ओरडतात. मी अभ्यास कुठे करू?" ती वाचायला घेतली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि पाच भाषणं होऊन गेली होती. या प्रश्नाचं काही करू शकतील अशी सगळी माणसं पुढच्या कार्यक्रमाला निघून गेली होती. चिठ्ठी लिहिणारं मूल मात्र सतरंजीवर कुठेतरी बसलेलं होतं.

त्या दिवसापासून आमचा क्रम उलटा आहे. ज्यांचा प्रश्न, ते आधी बोलतात. ज्यांच्या हातात उत्तर, ते आधी ऐकतात. आणि कोणताही प्रश्न सभागृहाबाहेर जाताना त्याला एका माणसाचं नाव आणि एक तारीख जोडलेली असते. खाली जे लिहिलं आहे ते एवढं साधण्यासाठीच. दोनशे माणसांची, एका दिवसाची परिषद धरून लिहितो आहे. तयारीला तीन महिने आणि नंतरच्या पाठपुराव्याला सहा महिने धरा.

कोणाची परिषद, हे आधी ठरवा

"नाशिक जिल्ह्यातील बालक व कुटुंब कल्याण" असा फलक लावायचा मोह टाळा. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि एका तालुक्याचं दुखणं दुसऱ्याला लागू पडत नाही. सिडको-अंबडमध्ये कारखान्याच्या पाळ्या, कंत्राटी नोकरी आणि एका खोलीतलं घर हा विषय असतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांची शाळा तुटते. लासलगाव परिसरात कांद्याच्या खळ्यांवर आईबरोबर दिवसभर बसलेली लहान पोरं दिसतात. मालेगावात यंत्रमागाचं वेळापत्रक घराचंही वेळापत्रक ठरवतं. हे सगळं एका दिवसात कोंबलं की बोलायला भाषणंच उरतात.

म्हणून एक वस्ती, एक प्रभाग किंवा फार तर दोन शेजारची गावं घ्या. तीनशे-चारशे घरं पुरेत. सकाळी निघालेलं माणूस पायी पोचेल आणि संध्याकाळी स्वयंपाकाला घरी जाईल, एवढाच पसारा ठेवा.

संयोजन समिती नऊ ते अकरा जणांची असावी. अंगणवाडी ताई, आशा ताई, बचत गटातल्या दोघी, शाळा व्यवस्थापन समितीतला एखादा पालक, वस्तीतले दोन तरुण (एक मुलगी, एक मुलगा), एक शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया, त्यामुळे ही माणसं तयार मिळतात. शाळेत जाऊन यादी मागा. पंधरा ते अठरा वयाची दोन मुलं समितीत बरोबरीच्या हक्काने घ्या. त्यांना पाणी वाटायला ठेवू नका. अध्यक्षपद कोणालाच देऊ नका, निमंत्रक एक पुरे.

आपल्याकडे "समाजाने बसून कुटुंबाचा प्रश्न सोडवायचा" असं म्हटलं की काही लोकांना जात पंचायत आठवते, त्यामुळे एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. ही परिषद कोणाच्याही घराचा निवाडा करत नाही, कोणाला दंड करत नाही, कोणाचं लग्न जोडत किंवा मोडत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि निमंत्रण द्यायला गेल्यावर हे लोकांना सांगावं लागतं. आम्ही पत्रकावरच छापतो: "इथे कोणाच्या घराचं नाव घेतलं जाणार नाही."

न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने "कुटुंब गट परिषद" सुरू झाली. माओरी कुटुंबांची तक्रार होती की सरकारी माणसं आमची मुलं आम्हाला न विचारता उचलून नेतात. त्यावर पद्धत निघाली ती अशी: अधिकारी आधी सगळी माहिती कुटुंबासमोर ठेवतात, मग खोलीबाहेर जातात. आजी-आजोबा, काका-मावशी असं सगळं गणगोत एकटं बसून मुलासाठी योजना करतं आणि मग अधिकाऱ्यांना आत बोलावतं. ती एका कुटुंबाची, बंद दाराआडची प्रक्रिया आहे. आपल्या कायद्यात मुलाच्या काळजी आणि संरक्षणाचा निर्णय बाल कल्याण समितीचा असतो, तिथे वस्तीने हात घालायचा नाही. पण "माहिती द्या आणि बाहेर जा" हा भाग मला मोलाचा वाटतो. आमच्या परिषदेत दुपारी पाऊण तास असा असतो की सभागृहात फक्त वस्तीतली माणसं असतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

तारीख

तारीख चुकली की बाकी सगळं बरोबर करूनही माणसं येत नाहीत. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. द्राक्षांची काढणी साधारण जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत, छाटण्या एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या आसपास. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे जुलैत भाताची लावणी. नवरात्रात कालिका यात्रा आणि वणीची वारी. शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबरच्या उत्तरार्धापासून. हे सगळं वजा केलं की शहरासाठी दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे उरतात, आणि ते चांगले असतात. २० नोव्हेंबर हा जागतिक बालदिन. १९८९ मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारताने १९९२ मध्ये ती मान्य केली. त्याच्या जवळचा सुटीचा दिवस धरला तर शाळाही मदतीला येतात. द्राक्षपट्ट्यात मात्र मजूर कुटुंबं आलेली असतील तेव्हाच परिषद घ्यावी लागते आणि ती दिवसभराची होऊच शकत नाही. तिथे संध्याकाळी सहा ते नऊ अशी बागेजवळच्या शाळेत घ्या.

कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारीच असेल असं धरून चालू नका, वस्तीत दहा घरी विचारा. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात (२०२६ ते २०२८) पोलीस, महापालिका आणि सभागृहं तीनही मिळणं अवघड जाईल, तेव्हा तारीख फार आधी पक्की करा.

आधीचे तीन महिने: ऐकण्याच्या बैठका

परिषदेचं खरं काम इथे होतं. समितीने स्वतः विषय ठरवायचे नाहीत. पहिल्या दोन महिन्यांत निदान बारा छोट्या बैठका घ्या: चार मुलांच्या, तीन तरुणांच्या, तीन आयांच्या, दोन बापांच्या. एका बैठकीत आठ-दहा जण आणि तास-सव्वा तास.

लहान मुलांना "तुमच्या समस्या सांगा" म्हटलं की ती शाळेत शिकवलेली उत्तरं देतात: प्रदूषण, पाणी वाचवा, झाडे लावा. त्याऐवजी मोठ्या कागदावर त्यांना वस्तीचा नकाशा काढू द्या. घर, शाळा, किराणा दुकान, नळ, मैदान, मंदिर, मशीद, शौचालय. मग हिरवी टिकली जिथे जायला आवडतं तिथे, लाल टिकली जिथे जायला भीती वाटते तिथे. आम्ही एकदा हे केलं तेव्हा सगळ्या मुलींनी एकाच बोळावर लाल टिकल्या लावल्या. मोठ्यांना त्या बोळात काही वेगळं दिसत नव्हतं. खांबावरचा दिवा बंद होता आणि कोपऱ्यावर संध्याकाळी दारू पिणारे बसत. मुली वळसा घालून क्लासला जात होत्या आणि घरी उशिराबद्दल बोलणी खात होत्या. हे नुसतं विचारून कधीच कळलं नसतं.

नकाशा झाला की निवड. प्रत्येक मुलाला पाच चिंचोके द्या. निघालेल्या प्रश्नांची चित्रं जमिनीवर मांडा आणि ज्याला जे महत्त्वाचं वाटेल तिथे चिंचोके ठेवायला सांगा. पाचही एकावर ठेवले तरी चालतील. वाचता न येणाऱ्या मुलाचं मतही इथे बरोबरीने मोजलं जातं, आणि हुशार, बडबडं मूल बाकीच्यांवर कुरघोडी करू शकत नाही. मोठ्यांसाठीही हीच रीत वापरा.

तरुण मुलं बैठकीला येत नाहीत. तुम्हाला त्यांच्याकडे जावं लागतं. व्यायामशाळा, क्रिकेटचं मैदान, चहाची टपरी, गणेश मंडळ, ढोल पथक. "कल्याण", "सबलीकरण", "मार्गदर्शन" हे शब्द वापरू नका. त्यांना विचारा: गेल्या वर्षभरात किती ठिकाणी काम केलं? का सुटलं? घरी किती देता? मोबाइलवर पैसे लावण्याच्या खेळात कोण अडकलंय का? रात्री झोप लागते का? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर मुलं सगळ्यात जास्त बोलतात. मुलींची बैठक वेगळी आणि एखाद्या ताईच्या घरी घ्या. दहावीनंतर शिक्षण थांबलेल्या मुली परिषदेच्या दिवशी सहसा दिसत नाहीत, कारण घरून सोडत नाहीत. त्या याच बैठकीत भेटतात.

आयांसाठी बचत गटाची बैठक तयारच असते, तिला जोडून अर्धा तास मागा. बाप हा सगळ्यात अवघड गट. पहिली पाळी तीन-साडेतीनला सुटते, मग माणूस चहा घेतो, आंघोळ करतो, थोडा पडतो. सहा वाजता पारावर किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर बसतो. तिथेच जा. त्यांना दारूवरून सुरुवात करून बोललात तर ते उठून जातील. "पोराशी शेवटचं निवांत कधी बोललात?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. ही शांतता सोसायला शिकावं लागतं. मी स्वतः दोन वर्षांत शिकलो.

बारा बैठकांच्या वह्या समोर ठेवून समितीने तीन प्रश्न निवडायचे. एक मुलांचा, एक तरुणांचा, एक घराचा. तीनच. बाकीचे लिहून ठेवा, ते पुढच्या वेळी किंवा परिषदेविनाही सुटू शकतात. बंद दिवा बदलायला परिषद लागत नाही, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार लागते. नाशिक महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजे सिडको, आणि सातपूर. परिषदेआधीच असा एखादा प्रश्न मार्गी लावून दाखवला तर "यांच्याकडे बोलून काही होतं" असा विश्वास बसतो आणि दिवसाची उपस्थिती दुप्पट होते.

मुलांची सुरक्षितता

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुलं बोलायला लागली की कधीतरी एखादं मूल मोठं काही सांगतं. घरातली मारहाण, कुणी अंगाला हात लावला, बहिणीचं लग्न ठरवलंय. तेव्हा काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर तुम्ही त्या मुलाला अधिक धोक्यात टाकता.

बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार, म्हणजे पोक्सोनुसार, अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणीही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. "घरातलं आहे, मिटवून घेऊ" ही सवलत कायदा देत नाही. न कळवणं हाच गुन्हा आहे. म्हणून मुलांच्या प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला त्यांना सांगायचं: "तुम्ही सांगाल ते आम्ही गावभर करणार नाही. पण कोणी तुम्हाला इजा करत असेल तर तुम्हाला वाचवायला आम्हाला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल." गुप्ततेचं खोटं वचन कधीही देऊ नका.

समितीत एक व्यक्ती, शक्यतो स्त्री, बाल संरक्षणासाठी नेमा. मुलाने काही सांगितलं तर बैठक घेणाऱ्याने फक्त ऐकायचं. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणायचं. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, चारचौघांत पुन्हा सांगायला लावायचं नाही. मग त्याच दिवशी नेमलेल्या ताईकडे. ती १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करेल किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलेल आणि गुन्हा असेल तर पोलिसांत कळवेल. बालविवाहाच्या बाबतीत गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हे प्रतिबंध अधिकारी असतात, त्यांनाही कळवा. मुलगी अठराच्या आत किंवा मुलगा एकवीसच्या आत असेल तर लग्न थांबवता येतं.

एक मूल, एक मोठा माणूस, बंद दार, असं कधीही नको. प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसं, दार उघडं. पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही वेगळं विचारा. आईने हो म्हटलं म्हणून मुलाने बोललंच पाहिजे असं नाही. मध्येच उठून जायची मुभा द्या.

आणि फोटो. मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो मोबाइल गटांवर टाकू नका. अत्याचार सोसलेल्या किंवा काळजीची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं पोक्सो आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार गुन्हा आहे. फोटोग्राफर एकच ठेवा, त्याला आधी समजावून सांगा: पाठमोरे, हात, चित्रं, नकाशे. पत्रकारांना बोलावलंत तर त्यांनाही दारातच हे सांगा. मंचावर एखाद्या मुलीला उभं करून तिची करुण कहाणी सांगायला लावणं हा मला अशा कार्यक्रमांतला सगळ्यात वाईट प्रकार वाटतो. टाळ्या दोन मिनिटं वाजतात, आणि ती मुलगी त्याच वस्तीत पुढची दहा वर्षं राहते.

जागा, परवानगी, पैसा

कालिदास कलामंदिर किंवा साईखेडकर नाट्यगृह घेऊ नका. तिथल्या खुर्च्या जमिनीला पक्क्या असतात, गोल करून बसता येत नाही, आणि वस्तीतली बाई तिथे तोंड उघडत नाही. महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा सगळ्यात उत्तम. एक मोठा हॉल किंवा मंडप, चार वर्गखोल्या, पाणी, आणि मुलींसाठी कडी लागणारं शौचालय. ती कडी आदल्या दिवशी स्वतः लावून पाहा.

शाळेची लेखी परवानगी, पोलीस ठाण्यात कार्यक्रमाची माहिती आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी, एवढं महिनाभर आधी करा. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर तारीखच बदला. नाहीतर फलकावर कोणाचा फोटो यावरून वाद होतील. आम्ही फलकावर कोणाचाच फोटो लावत नाही, मुलांनी काढलेला वस्तीचा नकाशा छापतो.

पैसे रोख मागण्याऐवजी वस्तू मागा. एखादा कारखाना जेवण देईल, दुकानदार कागद-खडू देईल, मंडपवाला ओळखीचा असतो. तंबाखू, गुटखा, दारू यांच्याशी नातं असलेल्याकडून काही घेऊ नका. दोनशे माणसांना नाश्त्याला पंधरा किलो पोहे पुरतात. दुपारी मसालेभात आणि मठ्ठा. स्वयंपाक वस्तीतल्या बचत गटाला मोबदला देऊन द्या, पण त्याच बायकांची चर्चा बुडणार नाही असं बघा. आदल्या रात्री भाजी चिरून ठेवायची आणि शेगडीजवळ आळीपाळीने दोघी.

लहान बाळांसाठी एक खोली राखा. दोन अंगणवाडी ताया, सतरंजी, खेळणी, झोळी. ही खोली नसेल तर तरुण आया येत नाहीत, किंवा येऊन दारातच उभ्या राहतात.

परिषदेचा दिवस

सकाळी नऊला नोंदणी आणि पोहे. नोंदणीत नाव, गल्ली, वय एवढंच. आधार क्रमांक मागू नका. साडेनऊला सुरुवात, गाण्याने. दीपप्रज्वलन हवंच असेल तर वस्तीतली सगळ्यात वयस्क आजी आणि सगळ्यात लहान मूल यांच्या हातून, दोन मिनिटांत. हार नाही, शाल-श्रीफळ नाही. हे आधीच पत्रात लिहून कळवा, म्हणजे कोणाचा मान दुखावत नाही.

पावणेदहा ते अकरा मुलं आपला प्रश्न मांडतात. एकेकट्याने माईकवर बोलायचं नाही. नकाशा, छोटी नाटुकली, मोजणीचे आकडे. एका वस्तीतल्या मुलांनी आठवडाभर मोजलं होतं की पिण्याचं पाणी रोज किती वाजता येतं आणि ते भरण्यासाठी किती मुलं शाळेला उशिरा जातात. अशा मोजणीपुढे "मुलं आळशी आहेत" म्हणायची सोय राहत नाही. अकरा ते बारा तरुण. बारा ते एक घराचा प्रश्न.

या तीन तासांत अधिकारी आणि पाहुणे श्रोत्यांमध्येच बसतात, सतरंजीवर किंवा खुर्चीवर, पण मंचावर नाही. त्यांना वही-पेन द्या. निमंत्रण द्यायला जाताना स्पष्ट सांगा की सकाळी यावं लागेल, बोलायची वेळ दुपारी अडीचला आहे आणि ती पाच मिनिटांची आहे. काही जण नाही म्हणतात. जे येतात ते मनापासून येतात. बाल विकास प्रकल्प अधिकारी, पोलीस ठाण्यातले बाल कल्याण पोलीस अधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक, महापालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर, जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातलं कोणी: हे पाच आले तरी खूप झाले. मोठ्या पदापेक्षा वस्तीची फाइल ज्यांच्या टेबलावर असते तो माणूस कामाचा.

घराच्या सत्रासाठी आतला गोल आणि बाहेरचा गोल असं बसवा. आत सात बायका बोलतात, बाहेरचे फक्त ऐकतात. अर्ध्या तासाने आत सात पुरुष. एकमेकांना उत्तर द्यायचं नाही, आपलं म्हणायचं. नवरा-बायको समोरासमोर आले की भांडण घरचं होतं; गोलात ते वस्तीचं बोलणं होतं. स्वतःच्या घराची नव्हे, "आपल्या गल्लीत काय दिसतं" अशी भाषा वापरायची, हे सूत्र सांभाळणाऱ्याने सतत आठवण करून द्यायचं.

एक ते पावणेदोन जेवण. त्यानंतरचा पाऊण तास मघाशी म्हटलेला, फक्त वस्तीचा. अधिकारी, संस्थावाले, पत्रकार बाहेर चहाला. या वेळात लोक ठरवतात की तीनही प्रश्नांत आपण स्वतः काय करू आणि सरकारकडे काय मागू. दोन रकाने करा. दुसरा रकाना आधी भरतो, त्याला घाबरू नका. पण पहिला भरल्याशिवाय दार उघडू नका. त्या अभ्यासाच्या प्रश्नावर नंतरच्या परिषदेत पहिल्या रकान्यात आलं होतं: समाजमंदिर संध्याकाळी सहा ते नऊ मुलांसाठी मोकळं, पत्त्यांचा डाव ओट्यावर, किल्ली दोन आजोबांकडे. दुसऱ्या रकान्यात: चार दिवे आणि एक पंखा, महापालिकेकडून.

अडीचला दार उघडतं. आता अधिकाऱ्यांची पाळी. प्रत्येकाने आपल्या खात्याशी संबंधित मागणीवर तीनपैकी एक सांगायचं: होईल, होणार नाही, किंवा विचारून या तारखेपर्यंत कळवतो. "सकारात्मक विचार करू" हे उत्तर फळ्यावर लिहिता येत नाही, असं नम्रपणे सांगा. एक मुलगी फळ्यावर लिहिते: काय, कोण, कधी. साडेतीनला संपवा. चारनंतर बायकांचं लक्ष घराकडे जातं आणि ते बरोबरच आहे.

दिवसभर एका खोलीत मदतीचा कोपरा चालू राहू द्या. समुपदेशक एक, कागदपत्रं समजावणारे दोघं. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत हे क्रमांक लावा आणि छोट्या चिठ्ठ्यांवरही द्या, बाईला ब्लाउजमध्ये घडी करून नेता येईल अशा:

- १०९८: अडचणीतल्या मुलांसाठी
- ११२: तातडीची पोलीस मदत
- १८१: महिलांसाठी
- १४४१६: टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी, मोफत, मराठीत बोलता येतं
- १९३०: ऑनलाइन फसवणूक झाल्यास

कागदपत्रांच्या टेबलावर सगळ्यात जास्त विचारणा बालसंगोपन योजनेची होते. वडील किंवा आई नाही, गंभीर आजार आहे, पालक तुरुंगात आहे, अशा मुलांना महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज महिला व बाल विकास खात्याकडे. एकट्या आयांना हे अनेकदा माहीतच नसतं. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना शिक्षण हमी पत्रकाबद्दल सांगा: गावच्या शाळेतून ते घेतलं की जिथे जाल तिथल्या शाळेत मूल वर्षाच्या मध्यातही बसू शकतं. किशोरवयीन मुलामुलींना सरकारी रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकची, म्हणजे त्यांच्यासाठीच्या आरोग्य-सल्ला केंद्राची, माहिती द्या. घरात हिंसा सोसणाऱ्या बाईला २००५ च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे कसं जायचं ते समुपदेशकाने एकांतात सांगावं, टेबलावर नाही.

दुसऱ्या दिवसापासून

फळ्याचा फोटो काढून त्याची मराठीत एक पानी नोंद करा आणि तीन दिवसांत ती लेखी निवेदन म्हणून प्रत्येक कार्यालयात द्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. "साहेबांना फोनवर सांगितलंय" याला काही अर्थ नाही. साहेब बदलतात, आवक नोंदवही राहते. तीस दिवसांत काही कळलं नाही तर स्मरणपत्र, त्यानंतर माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न: आमच्या या क्रमांकाच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली?

तीच नोंद वस्तीत तीन ठिकाणी चिकटवा: अंगणवाडी, रेशन दुकान, समाजमंदिर. दर महिन्याला समितीने तिच्यावर रंगीत पेनाने खूण करायची, झालं किंवा राहिलं. ही सवय दोन तरुणांवर सोपवा. ते हे काम वयस्कांपेक्षा नेमाने करतात, असा माझा अनुभव आहे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती आणि शहरात प्रभाग पातळीवरची बाल संरक्षण समिती असायला हवी. ती कागदावरच असेल तर परिषदेच्या संयोजन समितीतली माणसं तिच्यात घ्या, म्हणजे बैठकांना अधिकृत जागा मिळते.

पंचेचाळीस दिवसांनी एक तासाची छोटी बैठक, फक्त पहिल्या रकान्यासाठी. वस्तीने स्वतः काय केलं? इथे राग, रुसवे निघतात. कोणी किल्ली दिली नाही, कोणाचा मुलगा अभ्यासिकेत दंगा करतो. ते होऊ द्या, आणि काम वाटून घ्या.

सहा महिन्यांनी तीच शाळा, तीच मुलं, आणि वस्तीचा तोच नकाशा पुन्हा कोऱ्या कागदावर. जुना नकाशा आधी दाखवू नका. मुलांना हिरव्या-लाल टिकल्या नव्याने लावू द्या, मग दोन्ही कागद शेजारी शेजारी भिंतीवर लावा आणि मोठ्यांना आत बोलवा. ज्या ठिकाणी लाल टिकली अजून तशीच आहे, तिथून पुढच्या परिषदेची पहिली बैठक सुरू करा.